काळी खिडकी आणि झूमरा

चित्रांवर टिचकी न मारता, शब्द टंकून संगणकाला हुकूम सोडण्याच्या सोयीस कमांड लाइन म्हणतात. तेथे ‘एमपीव्ही’ या प्लेअरचे नाव आणि त्यापुढे फाइलचे नाव लिहून एन्टर दाबले की गाणे सुरू होते आणि काळ्या खिडकीत सरलेली वेळ व तिची टक्केवारी दाखवणारी एकच ओळ हलत राहते. होळकर दरबारातील सारंगिये शाहमीर खाँ यांचे पुत्र उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांनी १४ मात्रांच्या झूमरा तालातील ज्या अतिविलंबित ख्यालाने इंदूर घराण्यास ओळख दिली, तो ऐकण्यास अशी निरलंकार खिडकीच हवी, असा कमांड लाइनच्या पंथातील इंदुरी रसिकांचा आग्रह असतो. मात्र उजव्या बाणाच्या कळीने फाइल ५ सेकंद पुढे सरकते आणि उजव्या चौकटी कंसाच्या प्रत्येक दाबाने वेग १० टक्के वाढतो, हे उमगताच, षड्ज क्वचितच लागणाऱ्या मारवा रागात त्या षड्जाची वाट पाहणे त्यांना असह्य होते. उस्तादांनी जन्मभर जपलेली लय करंगळीने हाकणारा हाच रसिक रात्री इंदूरच्या सराफा बाजारात जिलबीच्या कढईसमोर मात्र अतिविलंबित धीराने उभा राहतो.