विळी चालली ठाण्याला

“अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्यांकडे काल पोलीस आले होते.”

कढीपत्त्याच्या फांद्यांतून काकूंचा चेहरा वर आला. काही सांगायचं असलं की काकूंना कढीपत्ता लागतो, आणि झाड आमच्या बाजूला आहे.

“काय सांगता! कशाला?”

“नातवाचा वाढदिवस. भर चौकात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवला आणि कापला तलवारीनं. केक अर्धा किलोचा, तलवार हातभर! बरं, कापला तर कापला, गप्प बसावं. पण नाही, रील टाकलं. सकाळी दोन पोलीस दारात. तलवार जप्त, नातू ठाण्यात, आजी डोळ्याला पदर लावून ओट्यावर.”

“पण काकू, केकच कापला ना? माणूस तर नाही?”

“मी अगदी हेच म्हटलं. तर आमचे हे माझ्यावरच उखडले.” काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कलमं मात्र अजून तोंडपाठ. “म्हणाले, 1959 चा शस्त्र कायदा आहे. पातं 9 इंचांहून लांब नाहीतर 2 इंचांहून रुंद असलं, की परवान्याशिवाय बाळगायचं नाही. तलवार, भाला, गुप्ती, कुकरी, सगळं त्यात आलं. कुणावर उगारायलाही नको, जवळ सापडलं तरी पुरे. मग तुरुंगाची हवा.”

“आणि ती तलवार आली कुठून?”

“आजोबांची. ढालीमागे भिंतीवर लावलेली. इतकी वर्षं तिची धूळसुद्धा कुणी पुसली नाही. हे म्हणतात, भिंतीवर होती तेव्हाही ती तेवढ्याच इंचांची होती.”

माझ्या पोटात मात्र गोळा आला. सासूबाईंची विळी परवा एसटीनं ठाण्याला लेकीकडे न्यायची होती. मिक्सरमधल्या खोबऱ्याला चव नाही म्हणून तिनं चार वेळा फोन केला होता. मी आत गेले, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि विळी कुंपणापाशीच आणली.

“काकू, सरळ मोजलं तर 8 भरतंय, आणि बाकावरून टेप फिरवली तर 10!”

“अगं, भरू दे की 12! घरकामाला आणि शेतीला म्हणूनच जी वस्तू बनवलीय, ती त्या कायद्यानं सोडलीय. नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्या पहिल्या आत गेल्या असत्या. माणशी एक कोयता असतो.”

“मग पुण्यात कोयत्यावरून एवढं रामायण कशाला झालं?”

“फडात कोयता दिसला तर माणूस पोटासाठी आलाय. पण रात्री 12 वाजता एका दुचाकीवर तिघं, तिघांच्या शर्टात कोयते, ते काय ऊस तोडायला निघालेत? 2023 मध्ये तर तिथल्या दुकानदारांना सांगितलं होतं, कोयता देताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या.”

“मग भाजी कापायची सुरी पर्समध्ये असली तर?”

“तीही जपूनच. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 आहे ना! सणवार, निवडणूक, मोर्चा आला की मनाई आदेश निघतो. पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात येतो, आपण राशिभविष्य वाचून पान उलटतो. तो लागू असला की इंच कुणी विचारत नाही. सुरा, लाठी, काठी, गोळा केलेले दगड, सगळं बंद. मोडला तर 4 महिने ते वर्षभर.”

“काठीसुद्धा? मग काका फिरायला कसे जातात?”

“म्हाताऱ्यांना त्या आदेशात बहुतेक सूट लिहिलेली असते. मी म्हटलं, मग तुम्हाला काळजी नाही. तेव्हापासून काठी दाराआड आहे.”

“आणि लग्नात नवरदेव कट्यार घेऊन मिरवतो ते?”

“आधी ती लिंबात तरी घुसते का बघ! आमच्या पुतण्याच्या लग्नात लिंबाला दाभणानं भोक पाडावं लागलं.”

“लेकीच्या शेजारी एक सरदारजी राहतात. त्यांची कृपाण?”

“ती तर थेट घटनेत, कलम 25 मध्ये आहे. देशातल्या देशात विमानातसुद्धा चालते. फक्त पातं 6 इंच आणि मुठीसकट 9, त्यापुढे नाही.”

“म्हणजे माझी विळी सुटली?”

“सुटली. पात्याला जुनं लुगडं गुंडाळ, म्हणजे कुणाचा पाय कापायचा नाही. कुणी विचारलंच तर खाली पाट दाखव, पुढे खवणीचे दाते दाखव. पाटावर बसून कुणी दरोडा घातल्याचा खटला ह्यांच्या अख्ख्या नोकरीत आला नाही.” काकूंनी पदर खोचला. “बरं, तुझी सुरी दे गं जरा. आमचीला धार राहिली नाही, आणि धारवाला महिन्याभरात फिरकला नाही.”

मी सुरी आणली आणि कुंपणावरून पुढे केली. काकूंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“हातात देतेस? भांडण लावायचंय का आपल्यात?”

मी सुरी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, हात काढून घेतला, तेव्हा कुठे काकूंनी ती उचलली. पातं जेमतेम 4 इंचांचं. पदराखाली लपवून त्या कोपऱ्यावरच्या घराकडे एकदा बघत आत गेल्या.

कढीपत्ता न्यायचा राहिलाच. संध्याकाळी येतीलच म्हणा.