भेंडीला मदत नको

बहुतेक भाज्यांना आपली लुडबुड चालते. बटाट्यावर झाकण ठेवा, पालेभाजीवर पाण्याचा हबका मारा, वांगं दहा वेळा परता. कुणी काही बोलत नाही. भेंडी मात्र मानी. पाणी, झाकण, आधीच घातलेलं मीठ, मिनिटामिनिटाला फिरणारा उलथना, अशा प्रत्येक मायेला ती तार काढून उत्तर देते.

तिचाही इलाज नाही. कपाशी, अंबाडी, जास्वंद ही तिची भावकी, आणि बुळबुळीतपणा हा घराण्याचाच गुण. जास्वंदीची पानं चुरडून केसांना लावणाऱ्यांना तो ठाऊक असतो. भेंडीच्या पोटातला चिकट रस पाणी धरून ठेवतो. पाणी दिसलं की तो फुगतो. झाकणाखालची वाफ म्हणजे पाणीच, आणि मीठही आतलं पाणी बाहेर ओढतं.

म्हणून भेंडी तळायची तर आधी कोरडेपणाचं व्रत. ती अख्खी धुवायची, पंचानं एकेक पुसायची आणि पंख्याखाली पसरायची. मग विळी पुसून चिरायची. पसरट कढईत बेताचं तेल तापवून थोडीथोडी टाकायची. गर्दी झाली की तळण्याऐवजी उकडायला लागते. टाकल्यावर हात मागे बांधून उभं राहायचं. कडा तांबूस झाल्या की उलटायची, आणि मीठ पानात वाढताना.

हे सगळं बाजारातच सुरू होतं. टोक मोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला भाजीवाली दटावते, "ताई, मोडू नका, कोवळीच आहे." म्हणजे तिथेही हात लावायचा नाहीच.

शेजारच्या शेगडीवर टोमॅटो असतो, नेमका उलट स्वभावाचा. दक्षिण अमेरिकेतून निघून जगभर फिरलेला हा गडी कुणाशीही जमवून घेतो. त्याला मीठ आधीच हवं, म्हणजे तो पटकन पाणी सोडतो. झाकण हवं, रगडणं हवं. तेलात जिरं आणि ठेचलेला लसूण, त्यावर कांदा, मग टोमॅटो, लाल तिखट, आंबटपणाला आवर घालायला गुळाचा खडा. बाजूनं तेल सुटेपर्यंत त्याला हवं तेवढं छळा. हातांची सगळी खुमखुमी इथे भागवून घ्यावी.

या दोघांची गाठ आपल्याकडेच पडली असंही नाही. इजिप्त, लेबनॉन, इराकमध्ये बामिया नावाचा रस्सा करतात. त्यात बोटाच्या पेराएवढ्या भेंड्या टोमॅटोत शिजतात, बरेचदा मटणाबरोबर, आणि पुष्कळ घरांत त्या आधी तेलावर परतून घेतात. ग्रीसमध्ये भेंडीला आधी व्हिनेगर चोळतात. आपण आमसूल, चिंच किंवा ताक घालतो. आंबटानं चिकटपणा मोडतो हे प्रत्येकानं आपापल्या फडताळात हात घालून शोधलं.

पण आंबट असला तरी टोमॅटो ओला आहे, आणि कुरकुरीत भेंडी त्यात पडली की काही मिनिटांत मऊ होते. तेव्हा दोघांची भेट ताटातच घडवायची. खाली सॉस, वर भेंडी, शेजारी गरम भाकरी. बसा म्हटल्यावर "आलोच" म्हणणाऱ्यांसाठी हा पदार्थ नाही.

खरी परीक्षा घरात पाहुणे असताना. माझ्या काकूंना रिकामे हात सोसत नाहीत. कढईपाशी येऊन त्या म्हणतात, "झाकण ठेव गं, लवकर होईल." मी त्यांना टोमॅटो घोटायला देते आणि स्वतः कढई आणि झाकण यांच्यामध्ये उभी राहते. जेवताना मात्र त्या मनापासून दाद देतात आणि वर विचारतात, "पण भेंडीला तू केलंस काय? नुसती तर उभी होतीस!"

"तेच तर शिकायला वेळ लागला, काकू."