जवळ जायचंय? मग लांबची लेन्स घ्या

मोबाइलच्या पाठीवर आणखी एक भोक पाडून त्याला ‘मॅक्रो’ म्हणणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकाला सरळसरळ गंडवलं आहे. स्वस्त फोनमधला तो कॅमेरा बहुधा 2 मेगापिक्सेलचा असतो. त्यात कोळ्याचे डोळे सोडाच, पायसुद्धा धड मोजता येत नाहीत. जुन्या 70-300 झूमवर ‘मॅक्रो’ छापणाऱ्यांनीही फार वेगळं केलं नाही. त्यातल्या बऱ्या झूमची मजल 1:2 पाशी संपते. खरी मॅक्रो लेन्स 1:1 ची. 10 मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही 10 मिलिमीटरचाच उमटला पाहिजे. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरा प्रश्न स्वतःला: ज्याचा फोटो काढायचा ते पळतं का?

कोन-भिवंडी पट्ट्यात कापडाचे पिक, म्हणजे आडवे धागे, मोजायला घडीचं भिंग असतं. ते थेट कापडावर टेकवायचं आणि एक इंची चौकोनातले धागे मोजायचे. कापड जागचं हलत नाही, म्हणून हे जमतं. तुम्हाला वीण, पोत, तुटलेला धागा यांचेच फोटो व्यापाऱ्याला पाठवायचे असतील, तर 40 ते 60 मिलिमीटरची मॅक्रो भरपूर झाली. तेवढेही पैसे नसतील तर घरातल्या 50 च्या लेन्समागे 50 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावा. आत काच नसलेली नळी ती, पण 1:1 देते.

कल्याणच्या दुर्गाडी पुलाच्या अलीकडे, खाडीकाठच्या गवतावर बसलेली टाचणी, म्हणजे चतुरासारखा तो सडपातळ किडा, मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही. निकॉनच्या 40 मिलिमीटर मॅक्रोचं कमीत कमी अंतर 16.3 सेंटिमीटर आहे. वाचायला बरं वाटतं. पण हे अंतर मोजतात सेन्सरपासून, लेन्सच्या तोंडापासून नव्हे! कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की पुढे जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात लेन्सची सावली टाचणीवर पडते आणि ती उडते. 100 किंवा 105 ची लेन्स त्याच 1:1 ला तुम्हाला साधारण 13 ते 15 सेंटिमीटर मागे राहू देते. किडा दोन्हींत तेवढाच मोठा दिसतो. जादा पैसे आपण या अंतराचे मोजतो, आणि ते मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण आपल्याकडे बघण्यासारखं खूप आहे. 2021 मध्ये ठाणे परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगापुढे आली, आयसियस तुकारामी. 26/11 ला कसाबला जिवंत पकडून देताना प्राण गमावलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव संशोधकांनी तिला दिलं. काही मिलिमीटरचा जीव! या कुळातले कोळी घराच्या भिंतीवर, कुंपणावर सर्रास असतात. लेन्स पुढे धरली की अंग वळवून थेट तुमच्याकडे बघतात. समोरचे दोन मोठे डोळे काळेभोर चमकतात. एवढ्या जवळून तो चेहरा पाहिल्यावर झाडूने कोळी मारायला हात उचलत नाही.

आता थरथर रोखणाऱ्या सोयीबद्दल. त्यासाठी वेगळे पैसे टाकू नका. कॅननची 100 ची एल लेन्स एरवी 4 स्टॉपचा आधार देते, पण 1:1 ला तो 2 स्टॉपवर येतो, असं कॅननच सांगते. शिवाय 1:1 ला तुमचा एफ/11 उजेडाच्या हिशेबात एफ/22 होऊन बसतो, आणि फुल फ्रेमवर स्पष्ट येते ती जेमतेम मिलिमीटरभर पट्टी. डोळे धारदार आले तर पोट धूसर. म्हणून वाचलेल्या पैशांत फ्लॅश घ्या आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणून लावा. उघडा फ्लॅश कोळ्याच्या डोळ्यात पांढरा डाग पाडतो.

वापरलेली लेन्स घ्यायला लाजू नका. जुन्या मॅक्रो लेन्सची काच उत्तम असते, आणि फोर्टातल्या बोरा बाजारात चालत फिरून भाव काढता येतो. फक्त मागून मोबाइलची बॅटरी मारून आत बघा. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत लेन्समध्ये बुरशी धरते. काचेवर कोळिष्टकासारखी बारीक पांढरी जाळी दिसली, तर दुकानदाराने भाव निम्म्यावर आणला तरी ती लेन्स परत ठेवा.