उन्हाची हमी कोणी दिली?

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या उन्हाळी क्रूझची माहितीपत्रके पाहिली, की त्या देशात ढग जन्मालाच येत नसावेत असे वाटते. प्रत्यक्षात अनेक क्रूझ जिथून सुटतात त्या बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पावसाचे. अटलांटिकवरची दमट हवा डोंगरांना धडकते, वर चढते, थंडावते आणि बरसते. सह्याद्रीवर जूनमध्ये होते तेच, फक्त इथे त्याला मोसमाचे बंधन नाही. तरी डेकवर कोऱ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेल्या प्रवाशाला गाइरांगर फ्योर्डमधला ‘सात बहिणीं’चा धबधबा भरलेला हवा आणि आकाश मोकळे. ते पाणी वितळलेल्या बर्फाचे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तो बर्फही ढगांनीच टाकलेला, पर्यटन खात्याने नव्हे.

मग अंदाज बघून जावे? अंदाजशास्त्राचे माहेरच बर्गन. विल्हेल्म ब्यॅर्कनेस १९१७ मध्ये तिथे आले आणि उष्ण-थंड हवेच्या आघाड्यांचा सिद्धांत तिथेच घडला. पण हे शास्त्र चार दिवसांपुढे चाचरत बोलते आणि तिकीट सहा महिने आधी काढलेले असते. नॉर्डकॅपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, हे पत्रकातले विधान तंतोतंत खरे. तो धुक्याआड असला तरी मावळलेला नसतोच, त्यामुळे पैसे परत मागायला जागा उरत नाही. शेजारच्या दुकानात तो पोस्टकार्डावर मिळतो.