आम्ही पाचव्या थरातले

दूधवाल्याचे 56 रुपये फोनवरून द्यायला गेलो तर फोन म्हणाला, व्यवहार अयशस्वी. पुन्हा केलं, पुन्हा अयशस्वी. दूधवाला समजूतदार. "राहू द्या सर, उद्या द्या," म्हणाला, पण पिशवी हातात देताना त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या घराकडे पाहून घेतलं.

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या खात्याला लीन लागलंय."

आयुष्यभर मराठी माध्यमात इतिहास शिकवलेल्या माणसाला लीन म्हणजे ईश्वरचरणी, एवढंच ठाऊक. "कोणाच्या चरणी?" मी विचारलं. तिनं स्क्रीन वळवून दाखवली. उत्तरेकडच्या एका राज्यातल्या सायबर ठाण्याच्या चरणी. मी आयुष्यात त्या राज्यात गेलेलो नाही. पण माझे 2300 रुपये म्हणे संशयित होते, आणि त्या 2300च्या संगतीला लागून पेन्शनसकट 1,84,000 रुपये बिघडले होते. नासका आंबा काढून टाकायचा, ही झाली आपल्या आयांची पद्धत. इथे आढीच सील केली होती.

2300चा हिशोब लागायला दोन दिवस गेले. दिवाळीच्या साफसफाईत घरातलं जुनं लोखंडी कपाट विकलं होतं. आरसा तडकलेला म्हणून घेणाऱ्यानं 200 रुपये पाडूनही घेतले. टेम्पो आणला, क्यूआर स्कॅन केला, कपाट घेऊन गेला. आता कळलं ते असं: कुठेतरी कुणालातरी फोनवर गंडा घातला गेला. ती रक्कम एका खात्यात गेली, तिथून फुटून पाच खात्यांत, तिथून पंधरा. सायबर पोलीस त्याला लेअर म्हणतात. आपल्याकडे थर म्हणतात. गोविंदांच्या राज्यात हे समजावून सांगायची गरज नाही, फक्त इथे मोजणी वरून होते. सगळ्यात वरच्यानं लोणी एटीएममधून काढून केव्हाच पोबारा केलेला, आणि पाचव्या थरात मी, तडकलेल्या आरशाच्या कपाटासकट, कुणीतरी शिट्टी वाजवेल म्हणून उभा.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. ही यंत्रणा मुळात चांगल्या हेतूची आहे. 2021 मध्ये केंद्रीय गृहखात्यानं ती सुरू केली तेव्हा मदतीचा क्रमांक 155260 होता, पुढे तो 1930 झाला. फसलेल्या माणसानं ताबडतोब फोन करायचा आणि पैसे पुढे पळायच्या आत बँकांनी ते अडवायचे. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंचे पैसे असे वाचले, त्या अजून पेढे वाटतात. मी पेढा खाल्लाही होता. तेव्हा माहीत नव्हतं की ज्या जाळ्यात मासे सापडतात त्यात पाणी भरायला गेलेली माणसंही सापडतात.

शिवाय 1930 म्हटलं की माझ्या पिढीला मिठाचा सत्याग्रह आठवतो. दांडी, शिरोडा, वडाळा. तिथे निदान मूठभर मीठ उचलल्यावर अटक व्हायची.

बँक म्हणाली, पोलिसांची एनओसी आणा. पोलीस कोण, तर दीड हजार किलोमीटरवरचे. त्यांचा मेल आयडी बँकेनं दिला. मेल परत आला, पेटी भरलेली. फोन लावला. सहा दिवस नुसता वाजला. सातव्या दिवशी उचलला गेला आणि मी माझं सगळं हिंदी पणाला लावून म्हणालो, "साब, हमने सिर्फ कपाट बेचा था."

पलीकडे शांतता. मग, "कपाट? कौन से मंदिर के?"

हिंदीत कपाट म्हणजे देवळाचे दरवाजे असतात, हे मला निवृत्तीनंतर कळावं! सायबरच्या संशयावर मूर्तिचोरीचा संशय चढायला नको म्हणून घाईनं 'अलमारी, अलमारी' म्हणालो. साहेब हसले नाहीत. आधार कार्ड, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि अलमारीचं बिल घेऊन स्वतः या, म्हणाले. तडकलेल्या कपाटाचं बिल! ते कपाट वडिलांनी घेतलं होतं. बिल कपाटातच असणार.

इथल्या ठाण्यात गेलो. हवालदार माझा विद्यार्थी. त्यानं चहा पाजला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, हे आपल्या हद्दीत नाही." इतिहासाच्या मास्तरचे विद्यार्थी सगळ्या खात्यांत असतात, लागतं त्या खात्यात नसतात.

दुसरा विद्यार्थी वकील. त्यानं कायदा सांगितला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 102वं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 106वं झालं. त्याखाली जप्ती केली तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना तात्काळ कळवायचं असतं. तात्काळ या शब्दाचा अर्थ मला रेल्वेच्या तिकिटांमुळे माहीत आहे. केरळ उच्च न्यायालयानं तर 2023 मध्येच सांगितलं होतं की पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतंच गोठवा, अख्खं खातं नको. आणि दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं खातं बंद झालं होतं, कारण त्यात आलेले 105 रुपये. त्याला उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा खातं सुटलं. भटुरे खाणाऱ्याचे पैसे स्वच्छ आहेत का, हे तळण्याआधी विचारायचं, की नंतर?

"मग आपणही उच्च न्यायालयात जाऊ," मी म्हणालो. "जाऊ की सर," तो म्हणाला, "फी ऑनलाइन द्या."

दरम्यान खातं मेलेलं नव्हतं, ही त्यातली गंमत. पैसे आत येत होते, बाहेर जात नव्हते. पेन्शन एक तारखेला इमानेइतबारे जमा झाली. देवस्थानच्या दानपेटीसारखं चाललं होतं, फक्त देव उपाशी. विम्याचा हप्ता परत गेला, त्याचा दंड लागला. ज्या पैशांना हलायची बंदी, ते हलले नाहीत म्हणून दंड! घर बायकोच्या तांदळाच्या डब्यावर चाललं. त्या बँकेला केवायसी लागत नाही आणि ती कुठल्याही ठाण्याच्या मेलला उत्तर देत नाही. मात्र पैसे काढताना चौकशी कडक असते.

साठाव्या दिवशी, कोणाच्या कृपेनं ते कळलं नाही, खातं सुटलं. 2300 अजून लीन आहेत. असू देत, एवढी भक्ती परवडते.

आनंदानं कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेलो. एक किलो मीठ मागितलं आणि ऐटीत फोन काढला. त्याला सगळी कथा ठाऊक होती. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग वही काढून पानं उलटू लागला.

"सर, ते कपाट कधी विकलंत?"

"धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी."

"आणि माझी उधारी तुम्ही पाडव्याला फेडलीत. फोनवरून." त्यानं मनातल्या मनात बोटं मोजली. "म्हणजे मी सहावा?"

मी क्यूआरकडे फोन नेला. त्यानं झटकन त्यावर तळहात ठेवला, दुसऱ्या हातानं मिठाची पिशवी माझ्या छातीशी धरली आणि म्हणाला, "न्या सर. असंच न्या."