प्रति, श्रीमती उत्पन्नमर्यादा

प्रति,
श्रीमती उत्पन्नमर्यादा (वार्षिक),
मुक्काम : शासन निर्णयाचा कोणताही परिच्छेद.

विषय : माझ्या हातून आपण ओलांडल्या गेल्याबद्दल दिलगिरी.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर इथली रहिवासी असून गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत कोअर शॉपला कामाला आहे. वाळूचे कोअर घासायचे, चिरा पडलेले बाजूला काढायचे, बाकीचे ट्रेमध्ये लावायचे. कापूनकुपून महिन्याला 13,400 रुपये हातात पडतात. वर्षाचे झाले 1 लाख 60 हजार 800. निराधार योजनेत आपण दिव्यांगांसाठी 50 हजारांवर उभ्या आहात. म्हणजे मी आपल्याला ओलांडून तीन पावलं पुढं गेले. बाईमाणसानं मर्यादा सोडू नये, हे आजीनं लहानपणीच सांगितलं होतं. तिला कोणती मर्यादा म्हणायची होती ते आत्ता कळलं.

आमचे हे सेंट्रिंगच्या कामावर होते. दुसऱ्या मजल्यावर फळी सटकली आणि कमरेखालचं अंग गेलं, त्याला आता सहा वर्षं होतील. ठेकेदार म्हणाला, हा गडी त्या दिवशी माझ्याकडं नव्हताच. बांधकाम कामगार मंडळात नोंद असती तर काही हाती लागलं असतं; पण नोंदीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ज्याच्याकडं हे त्या दिवशीसुद्धा नव्हते तो 90 दिवसांचा दाखला कुठून देणार? असो. तो विषय आपल्या अखत्यारीतला नाही.

ह्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र झालं. नव्वद टक्के. शाळेत कधी पस्तिसाच्या पुढं न गेलेला माणूस; कार्ड बघून म्हणाले, "बघ, शेवटी काढलं का न्हाई डिस्टिंक्शन?" त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मी ते कार्ड, रेशनकार्ड, आधार, पासबुक असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, एक दिवसाचा पगार बुडवून, संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करायला गेले. तिथं माझी आपल्याशी पहिली भेट झाली. कागद चाळणाऱ्याचा काही दोष नाही, बिचाऱ्यानं मान वर करून नीट सांगितलं, "ताई, तुमचा पगार आहे ना? मग हे निराधार कसे?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे तू हाईस म्हणून मी न्हाई व्हय गं?"

महोदया, ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आपल्याला सापडलं तर कळवावं. मी ह्यांना टाकून माहेरी गेले असते तर हे शंभर टक्के निराधार ठरले असते. नोकरीही सोडली असती तर मीही परित्यक्तांच्या रांगेत उभी राहू शकले असते, कारण ही योजना त्यांच्यासाठीही आहे. एक संसार मोडून दोन अनुदानं. पण मी राहिले. सकाळी सहाला उठून ह्यांना पुसून, लघवीची पिशवी रिकामी करून, भाकरी दुरडीत ठेवून वडापच्या जीपसाठी उभी राहते, हाच आमचा अपराध. माझं आधारकार्ड खात्याला जोडलेलं आहे, पण ह्यांना खरा आधार जोडलेला निघाला तिथं घोटाळा झाला. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवलं, रेशनकार्ड वेगळं करा, कागदोपत्री वेगळे राहा, कोण बघतंय? एवढा साधा उपाय आम्हाला सुचला नाही. ह्यांना मांडीवर घेऊन कुशीवर वळवताना मी कागदोपत्री कुठं उभी राहायचं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आपलं घराणं मोठं आहे याची मला कल्पना नव्हती. आता एकेकीची ओळख होत चालली आहे. पिवळ्या रेशनकार्डावर 15 हजारांची बसली आहे. गावाकडं धान्याच्या प्राधान्य यादीच्या दारात 44 हजारांची, केशरी कार्डावर लाखाची. निराधार योजनेची मूळची 21 हजारांची. दिव्यांग म्हणून आमच्या वाट्याला तिच्याऐवजी आपण आलात, ही सवलतच म्हणायची. पण महोदया, 21 हजारांच्या आपल्याकडं दोघी आहेत, माहीत आहे ना? एक ही, वर्षाला 21 हजारांची. दुसरी कामगार राज्य विमा योजनेतली, ती महिन्याला 21 हजारांची. आकडा तोच, नाकीडोळी अगदी जुळ्या. एकीच्या दारात मी गरीब कामगार म्हणून आत जाते. दुसरीच्या दारातून पैसेवाली म्हणून बाहेर येते. मधलं अंतर फक्त 'दरमहा' ह्या शब्दाचं.

सगळ्यांत दिलदार म्हणाल तर अडीच लाखांची, लाडकी बहीणवाली. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. जुलै 2024 पासून दीड हजार सुरू झाले. तेव्हा माझी शंका अशी : बहीण म्हणून मी गरीब, आणि ह्यांची बायको म्हणून श्रीमंत, हे एकाच घरात, एकाच पगारात कसं जमतं? आणि त्याहून वरच्या माडीवर 12 लाखांची बसलेली आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात दिल्लीनं तिला बसवलं. नव्या कररचनेत तिथपर्यंतच्या माणसाला सरकार म्हणतं, राहू दे बाबा, तुझंच तुला पुरत नसेल. किती समजूतदारपणा! तो माडीवरून खाली उतरताना जिन्यात कुठं सांडतो ते मात्र बघायला हवं.

ते दीड हजार कुठं जातात तेही सांगते, उगाच संशय नको. शेजारच्या काकू दुपारी दोनदा येतात. ह्यांना पाणी पाजतात, कूस बदलतात, पिशवी भरली असेल तर बघतात. त्यांना महिन्याला दीड हजार देते. म्हणजे माझ्या नावानं आलेले पैसे ह्यांच्या पाठीवर खर्च होतात. ह्यात कुठला नियम मोडत असेल तर क्षमस्व.

आपण येणारा पैसा मोजता. जाणारा मोजायची पद्धत आपल्यात नाही. म्हणून थोडा हिशेब कळवते. डायपरचं दहाचं पाकीट साडेतीनशेला, ते चार दिवसांत संपतं. कॅथेटर, जेली, बोळे, हातमोजे. पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी आहे. तिला बारका पंप असतो, तो रात्रभर घुर्र घुर्र करतो. सुरुवातीला त्या आवाजानं झोप यायची नाही. आता उलट झालंय. वीज गेली, घुरघुर थांबली, की मी खाडकन जागी होते, कारण गादीतली हवा बसत चालते आणि अर्ध्या तासात ह्यांचं माकडहाड खालच्या फळीला टेकतं. मग उशा, चादरी, घरातल्या होत्या नव्हत्या त्या घड्या खाली सारायच्या. एकदा लग्नातला शालू सारला होता. ह्यांना कमरेखाली काही कळत नाही, हीच तर अडचण. दुखत नाही म्हणून सांगत नाहीत, आणि जखम आतून खोल जाते. तशी एक जखम भरून यायला चार महिने गेले होते. माझे अकरा खाडे झाले, त्याचा पगार कापला. त्या महिन्यात माझी मिळकत आपल्या बरीच जवळ आली होती. आपल्याला बरं वाटलं असेल.

मी आपल्याशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सुपारीच्या अडकित्त्याएवढा कॅल्क्युलेटर आहे, त्यावर आकडेमोड केली. 26 दिवसांचे 13,400, म्हणजे रोज 515 रुपये. 50 हजारांच्या आत राहायचं तर वर्षात 97 दिवस कामाला जाता येईल. 1 एप्रिलला सुरुवात केली तर जुलैच्या चौथ्या आठवड्यात माझं वर्ष संपतं. पुढचे आठ महिने घरी बसायचं, मालकाला सांगायचं की मर्यादाबाईंचा निरोप आहे, आणि ह्यांच्या अनुदानाची वाट बघायची. दुसरा मार्ग असा की मालकालाच म्हणायचं, माझा पगार महिन्याला 4,166 करा. ही विनंती करणारी त्याच्या फौंड्रीतली मी पहिलीच ठरेन. 9,234 रुपये सोडून अनुदानाचे अडीच हजार मिळवायचे. ह्या व्यवहाराला हुपरीचा सराफसुद्धा तयार होणार नाही.

अडीच हजारांवरून आठवलं. जून 2025 मध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना दरमहा सहा हजार द्या हीही होती. सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं दिव्यांगांचं अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार केलं. गावात पेढे वाटले नाहीत, पण बातमी सगळ्यांनी वाचली. ह्यांनी पेपर दोनदा वाचला. हजार रुपये वाढले ते चांगलंच झालं, ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी. आमच्यापुरतं सांगायचं तर, पूर्वी आम्हाला दीड हजार मिळत नव्हते, आता अडीच हजार मिळत नाहीत. तोटा हजारानं वाढला.

आपल्या थोरल्या बहिणीचाही शोध लागला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 आहे. माझा भाचा पुण्याला शिकतो, त्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. दिव्यांगांना पुरेशा राहणीमानानं जगता यावं म्हणून सरकारनं योजना आखाव्यात, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता द्यावा, असं त्यात आहे. मी एकदम उठून बसले. काळजीवाहक! कायद्याला मी दिसले! मग भाचा म्हणाला, मावशी, थांब, आधीची ओळ राहिली. सरकारनं हे सगळं करायचं ते आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे मर्यादा सरकारलाही आहे. फरक एवढाच की आम्ही आमची ओलांडली तर बाहेर, आणि सरकारला त्याच्या मर्यादेच्या आत राहायची पूर्ण मुभा. केरळात सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये देण्याची योजना आहे म्हणे. 600 च, पण कुणीतरी ती बाई मोजली.

भाच्यानं आणखी एक गंमत सांगितली. इंग्लंडात 1976 साली असा भत्ता सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना तो देत नसत. त्या नाहीतरी घरातच असणार, असा हिशेब. जॅकलिन ड्रेक नावाची बाई आपल्या अपंग आईला सांभाळायची. ती थेट युरोपच्या न्यायालयात गेली आणि 1986 साली जिंकली. मग तिथंही आपलीच कुणी मावसबहीण दाराशी बसली. एप्रिल 2025 मध्ये ती आठवड्याला 196 पौंडांची झाली. त्यावर एक पौंड मिळवला की अख्खा भत्ता बंद. हे ऐकून मला फार बरं वाटलं. साहेबाच्या देशातही बायकांना जपून कमवावं लागतं.

आपल्याला वाटेल, बाई नुसती तक्रार करते. तसं नाही. शेजारी उचगावात दिव्यांगांचं 'घरौंदा' वसतिगृह आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून 1984 साली कोल्हापुरात संस्था काढली, तिचंच ते काम. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मी ह्यांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठं हे खुर्चीत बसायला तयार झाले. खुर्ची उंबऱ्याला अडायची, तर कोअर शॉपमधल्या चौघांनी एका रविवारी येऊन सिमेंटचा उतार करून दिला. चहा आणि कांदाभजी, एवढाच खर्च. आता संध्याकाळी हे अंगणात बसतात. विमानतळ जवळच, विमानं डोक्यावरून उतरतात. ह्यांना वेळा पाठ आहेत. विमान अगदी खाली आलं की हात वर करतात, जणू वडाप थांबवतायत.

तरी नम्र विनंती की, आपण एकदा आमच्या घरी यावं. रात्रीचं आलात तर उत्तम. वीज गेली असेल तर दोन उशा आपल्याही हातात देता येतील. आपली जागा कुठं असावी ते मी सांगणारी कोण? पण उभं राहायचंच असेल तर माझ्या पगाराच्या पुढ्यात राहू नका. ह्यांच्या खर्चाच्या चिठ्ठीपाशी या, ती बेरीज करा, आणि मग ठरवा आम्ही कुठल्या बाजूला आहोत. नाहीतर आपल्या दिलदार बहिणीकडून तिचा अडीच लाखांचा आकडा तरी मागून आणा. घरातल्या घरात काय लाजायचं?

कळावे, लोभ आहेच.

आपली,
मर्यादा सोडलेली,
गडमुडशिंगी

ता. क. चौकशीला माणूस पाठवणार असाल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर पाठवावा. मागं एकदा कुठल्याशा कागदासाठी कुणीतरी दुपारी येऊन गेलं, काकू नेमक्या दळणाला गेल्या होत्या, आणि शेऱ्यात 'घर बंद, कोणी नाही' असं लिहून गेलं. हे आत जागेच होते. तीनदा ओ दिली होती.