समुद्राची भानगड

— अगं, काल रात्री तुमच्याकडे काय चाललं होतं? पाऊस आला वाटून मी वाळत घातलेले कपडे काढायला धावले!

— पाऊस नाही काकू, समुद्र. देबुसी नावाच्या फ्रेंच माणसाचा, 'ला मेर'. आमच्या पोराला सध्या वेड लागलंय त्याचं.

— अंबरनाथला समुद्र! इथे वालधुनी नदीचा वास तेवढा येतो.

— गाणं-बिणं नाही त्यात. ऐंशीएक वादक. पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र, मग लाटांचा खेळ, मग वारा नि समुद्राचा संवाद.

— मग करायचं काय ऐकून?

— त्याची भानगड तरी ऐका.

— थांब, गॅस बंद करून येते. हं, बोल.

— १९०३ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतलं, तेही बायकोच्या माहेरी, बर्गंडीत. समुद्र कुठल्या कुठे! आठवणीतलाच बरा, असं म्हणायचा. पुढच्या वर्षी बायकोला सोडून एका बँकरच्या बायकोबरोबर राहायला लागला. त्याच्याच शिष्याची आई!

— अगं बाई!

— बायकोनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. वाचली. पण मित्रांनी पाठ फिरवली. १५ ऑक्टोबर १९०५ ला पॅरिसमध्ये हे पहिल्यांदा वाजलं, लोकांनी नाकं मुरडली. दोनच आठवड्यांनी त्या दुसरीला मुलगी झाली. लग्न १९०८ ला!

— मुरडणारच. त्यापेक्षा आमची 'कॉल ऑफ द व्हॅली' बघ. १९६७ ची, एचएमव्हीची. तुझ्या काकांनी झिजवली ती रेकॉर्ड. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, काब्रांची गिटार, तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. आणि काढली कुणी? ग. ना. जोशींनी! ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायली ना, तेच. काश्मिरातल्या मेंढपाळाचा अख्खा दिवस, अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत. चौघांत झालं. तुझ्या फ्रेंचाला ऐंशी माणसं कशाला लागतात गं?

— त्याच्याकडे राग कुठेत काकू? आपल्याकडे भूप छेडला की दिवेलागण झालीच. निम्मं काम रागच करतो, उरलेलं आपले कान. त्याला उजेड वेगळा रंगवायचा, पाणी वेगळं, वारा वेगळा. म्हणून एवढी वाद्यं.

— हं, हे मात्र पटलं. पण माणूस वाईटच.

— नवरा वाईट. समुद्र खणखणीत आहे.

— केवढं आहे ते?

— चोवीस-पंचवीस मिनिटं.

— मग कुकर लावूनच येते. पण आधी सांग, त्या पहिलीचं पुढे काय झालं?

— घटस्फोट झाला, समुद्र वाजायच्या दोन महिने आधी. तो १९१८ ला गेला. ती जगली १९३२ पर्यंत.